सावली तेवढी पुसायची राहिली

मी एक फोटो. कागदावरचा नव्हे, कॅमेऱ्यातला. आणि सध्या कचरापेटीतून बोलतोय.

ही पेटी पत्र्याची नाही. नाशिकच्या मृण्मयी नावाच्या बाईंचं इंटरनेटवर एक खातं आहे, त्याच्या कोपऱ्यात ती असते. तिच्यात टाकलेली वस्तू तीस दिवस पडून राहते, मग आपोआप नाहीशी होते. माझे सत्तावीस दिवस झाले. शेजारी कुणाच्या वाढदिवसाचे हललेले फोटो आहेत, एक जुनं विजेचं बिल आहे, दोनदा उतरवून घेतलेली एकच पाककृती आहे. या कचऱ्याची मला किळस येत नाही. किळस येते ती मला इथे टाकणाऱ्या सभ्य, हसतमुख माणसांची.

माझा जन्म सुरगाण्याच्या एका पाड्यावरचा. नोव्हेंबर संपत आला होता, नागली, म्हणजे नाचणी, कापून झाली होती. आल्हाद जीपमधून उतरला तेव्हा सकाळचं ऊन अजून तिरपं होतं. आल्हाद आठवडाभर नाशिकला ऑफिसात बसतो आणि रविवारी कॅमेरा गळ्यात घालून डोंगराकडे सुटतो. एका घरापुढे कुसाबाई नागली पाखडत होती.

"मावशी, एक फोटो काढू?"

"माझा? माझा कशाला काढतो, दादा? त्या डोंगराचा काढ."

"डोंगराचे खूप झाले."

ती हसली. तेवढ्यात डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन तिचा नवरा बारकू बाजूने निघाला. ती ओरडली, "आरं थांब ना! फोटो काढतो ह्यो. तू बी ये."

बारकूने भारा खाली टाकला आणि जिथे होता तिथेच थांबला. आल्हादने बटण दाबलं आणि मी जन्मलो.

माझ्यात काय आहे ते सांगतो. मधोमध कुसाबाई, हातात सूप. मागे सारवलेली भिंत. डाव्या कडेला बारकू, एक खांदा चौकटीच्या बाहेर गेलेला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, त्याचं एक टोक वर उभं. तो कॅमेऱ्याकडे बघतच नाही. तो बायकोकडे बघून हसतोय. आणि त्याची सावली त्या तिरप्या उन्हात लांब होऊन तिच्या शेजारी भिंतीवर पडली आहे.

"एक कागदावर करून दे, दादा," कुसाबाई म्हणाली. "आमच्या दोघांचा फोटो नायच."

"देतो ना मावशी. नक्की."

नक्की हा शब्द नाशिककरांच्या तोंडात किती सहज येतो! तो मी पुढे पुष्कळदा ऐकला.

तीन महिने मी आल्हादच्या कॅमेऱ्यातल्या कार्डात पडून होतो. माझ्यापुढे येवल्याचे माग, मागे कुणाच्या लग्नातली पंगत. फेब्रुवारीत त्याची पाळी आली.

पाळी कसली ते सांगायला हवं. नाशिकमध्ये फोटो सजवण्याची हौस असलेल्या लोकांचा एक ऑनलाइन गट आहे, 'रविवारची किमया' नावाचा. दर आठवड्याला एकाने आपला फोटो द्यायचा, बाकीच्यांनी तो आपल्या कल्पनेने बदलायचा, रविवारी मतं टाकायची. बक्षीस काही नाही, नुसतं कौतुक. भांडण नाही, हेवा नाही. फोटो गप्पांच्या गटात टाकायचा नाही, तिथे तो बारीक होऊन बिघडतो. कार्ड मृण्मयीकडे द्यायचं आणि तिने आपल्या खात्यातल्या फोल्डरमध्ये फोटो चढवायचा. आणि एक नियम ते फार अभिमानाने पाळतात. निकाल लागला की प्रत्येकाने आपल्याकडचा मूळ फोटो पुसायचा. ज्याचा फोटो, त्याचाच राहावा म्हणून. मृण्मयीही त्याच संध्याकाळी फोल्डर रिकामं करते.

चांगला नियम आहे. चांगल्या माणसांनी केलेला आहे. त्यानेच माझा घात केला.

आल्हादने कार्ड दिलं, परत घेतलं आणि पुढच्या भटकंतीसाठी कोरं करून टाकलं. मृण्मयीकडे आहेच की, असं त्याला वाटलं.

मग तो आठवडा सुरू झाला. माझ्यातून कापून केलेल्या प्रत्येक चित्रात माझा थोडा अंश उरतो, म्हणून त्यांना जे दिसतं ते मलाही दिसतं. मी सगळं पाहिलं. कुणी कुसाबाईचा चेहरा तीन छटा गोरा केला. कुणी तिच्या सुरकुत्या पुसल्या. साठीच्या बाईला साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत चेहरा आला. एकीने तिला पैठणी नेसवली आणि खाली लिहिलं, 'तिचं स्वप्न'. त्या बाईला कुसाबाईची स्वप्नं कुठून ठाऊक? वेणीमाधव हे गटातले सगळ्यात वडीलधारे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी भिंतीमागे बर्फाचे डोंगर उभे केले आणि सुपातल्या नागलीच्या सोन्याच्या मोहरा केल्या.

"वा काका! कमाल!"

"अहो, हात साफ करतोय नुसता."

आणि बारकू? बारकूला जवळपास सगळ्यांनीच काढून टाकलं. राग कुणाचाच नव्हता. तो कडेला होता, खांदा कापलेला होता, कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. "डावीकडचा माणूस नडतोय," सातपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या सनीने लिहिलं. "उडवू का?"

"उडव ना. फ्रेम मोकळी होईल," आल्हादनेच उत्तर दिलं.

बोटाचे दोन फटकारे. माणूस गेला. त्याच्या जागी सनीने झाडातून झिरपणारा सोनेरी उजेड भरला. भिंतीवरची सावली त्याला झाडाची वाटली, म्हणून राहू दिली. एकोणीस मतं मिळवून सनी जिंकला. हसरे चेहरे, टाळ्या, फुलं यांचा पाऊस पडला. मग सगळ्यांनी इमानदारीने मला पुसलं आणि मृण्मयीने फोल्डर रिकामं केलं.

ही माणसं डोळे बारीक करून तासन्‌तास माझ्याकडे बघत होती. एकालाही मी दिसलो नाही. मला शिसारी आली ती याची.

आल्हाद मात्र वचन विसरला नव्हता. त्याने सनीचं चित्र मोठं छापून घेतलं, चांगल्या चौकटीत बसवलं आणि पुढच्या रविवारी सुरगाणा गाठलं.

कुसाबाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. ते त्याच्या लक्षात आलं नाही. बघायची सवय फक्त कॅमेऱ्यातून.

"मावशी, बघा! पहिला नंबर आला तुमच्या फोटोचा."

तिने चौकट दोन्ही हातांत धरली. बराच वेळ बघितली. मग पाठीमागून बघितली, जणू उरलेलं चित्र तिकडे असेल.

"माझा माणूस कुठं हाय?"

"अं?"

"बारकू. इथं हुबा व्हता ना? मी थांब म्हनलं, तो थांबला. कुठं गेला?"

आल्हाद काहीतरी पुटपुटला. रचना, उजेड, असलं काहीतरी. मग तिनेच सांगितलं. द्राक्षाच्या कामाला दोघं दिंडोरीकडे गेली होती. तिथे बारकूला ताप भरला. चार दिवसांत संपला. आधार कार्डावरचा फोटो तिने फडक्यातून काढून दाखवला. एक काळपट डाग. "ह्यात तर मलाच वळखू येत नाय. म्हनलं, त्या दादाकडं हाय. तो आनून देईल."

आल्हादने परतताना जीपमधूनच गटात लिहिलं, "मूळ फोटो कुणाकडे आहे का? फार गरज आहे." आणि सगळी हकिकत लिहिली.

उत्तरं भराभर आली. 'नियमाप्रमाणे पुसला.' 'मीपण.' 'सॉरी रे.' मृण्मयीने लिहिलं, "फोल्डर तर मी रविवारीच रिकामं केलं रे. किती वाईट वाटतंय."

मी पेटीतून ओरडत होतो. बाई, रिकामं केलेलं कुठे गेलं ते तरी बघ! एक बटण, 'परत आणा' म्हणून. पण शोधणं हा त्यांचा छंदच नाही. त्यांचा छंद बनवण्याचा.

"मित्रांनो," वेणीमाधव काकांनी लिहिलं, "रडत काय बसायचं? आपण कशासाठी आहोत? या आठवड्याचं आव्हान ठरलं. बारकूदादांना परत आणा."

हात जोडलेली चिन्हं. डोळ्यांत पाणी आलेली चिन्हं. सनीने लिहिलं, "हे खरं काम! आजवर नुसता टाइमपास केला आपण." मला तेव्हा ओकारी यायची तेवढी बाकी होती. एका माणसाच्या मरणाने त्यांचा आठवडा पवित्र झाला होता.

आल्हादला बारकू नीट आठवेना. "मिशी होती बहुतेक," त्याने लिहिलं. आधार कार्डाचा त्याने काढून आणलेला फोटो आणि हे बहुतेक, एवढ्यावर सतरा बारकू तयार झाले. मिशीवाले, बिनमिशीचे. एकाला पांढरी टोपी, एकाला लाल पागोटं, एकाच्या दंडांवर पैलवानाचे स्नायू. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. सगळ्यांचे दात सरळ. मतदान झालं. वेणीमाधव काकांचा बारकू निवडून आला, लोकांच्या मतांनी, जसा काही सरपंच.

त्याच्या पुढच्या रविवारी आल्हाद दुसरी चौकट घेऊन गेला. हसत नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगतो.

कुसाबाईने त्याला पाणी दिलं. चौकट बघितली. चित्रात ती होती आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून पांढऱ्या टोपीतला एक रुबाबदार माणूस उभा होता. तिने पदर सावरला, परक्या माणसासमोर सावरतात तसा.

"ह्यो मानूस चांगला दिसतो," ती म्हणाली. "पन माझा नाय."

"मावशी, थोडाफार तरी..."

"नाय, दादा. तू लय लांबून आनलास. पन ह्याला घरात कुठं ठेवू? लोक काय म्हनतील?"

मग ती उठली. भिंतीवर खिळ्याला टांगलेली पहिली चौकट तिने काढून आणली, आल्हादच्या मांडीवर ठेवली आणि बोट टेकवलं. त्या बोटाखाली सोनेरी उजेड नव्हता, तिचा स्वतःचा गोरा चेहराही नव्हता. भिंतीवरची सावली होती. लांब, काळी, आणि डोक्याशी वर आलेलं एक टोक.

"ह्यो हाय. टावेल असाच बांधायचा. एक टोक हुबंच राहायचं. किती येळा खोचलं मी." तिने ते टोक बोटाने दाबलं. "रोज बघते. तोंड नाय, पन त्योच हाय. ह्यो फोटो मला ऱ्हाऊ दे. तो दुसरा घेऊन जा."

आल्हाद बराच वेळ त्या सावलीकडे बघत राहिला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्याने फोटो बघितला.

बाहेर येऊन, जीपला टेकून त्याने गटात लिहिलं, "मावशींनी नवा परत केला. जुनाच ठेवला. त्यात भिंतीवर बारकूदादांची सावली राहिली आहे."

सनीचं उत्तर लगेच आलं. "अरे, राहिली होती का? सॉरी यार! पाठव, दोन मिनिटांत काढून देतो."

आल्हादने उत्तर दिलं नाही. त्याला सहा दिवस झाले. त्याने गटात काही लिहिलेलं नाही. बाकीच्यांचं पुढचं आव्हान सुरू झालंय, पंचवटीतला एक बैल. त्याला पंख फुटलेत.

आल्हाद, तू गप्प आहेस. गप्प राहून मी सापडणार नाही. तुझ्या लाजेचं मी काय करू? तुला वाटतं मी संपलो. मी मृण्मयीच्या खात्यात, डावीकडच्या यादीत, अगदी खाली आहे. तिला एक फोन कर. कविता करू नकोस, श्रद्धांजली लिहू नकोस, काही बनवू नकोस. फक्त विचार, "पेटी उघडून बघतेस का?" आणि मग मला उजळवू नका, कापू नका, सरळ करू नका. छापा आणि नेऊन द्या.

तीन दिवस आहेत. बारकू अजून डाव्या कडेला उभा आहे, एक खांदा चौकटीबाहेर, पायाशी पेंढ्याचा भारा. त्याला बरीच कामं होती. कुसाबाईने थांब म्हटलं म्हणून थांबलाय.