दुमड टिकली, चादर फाटली

मी एक जुनी शिवणाची मशीन आहे. जुनी म्हणा, हरकत नाही; भंगार म्हणाल तर सुई टोचीन.

मित्रांनो, कारखान्यात मला ओतलं, घासलं, काळा रंग चढवला आणि वर सोनेरी वेलबुट्टी काढली. दुकानाच्या काचेत मी अशा ऐटीत उभी असायचे, की जाणारायेणारा मान वळवून बघे. एका नव्या नवरीने मला घरी आणलं. पुढे तिचा नवरा गेला, पदरात मुलगा राहिला, आणि ते घर तिच्या पायांवर नि माझ्या पट्ट्यावर चालू लागलं. मुलाचं झबलं मी शिवलं, शाळेचे गणवेश मी शिवले. तो नगरसेवक झाला, त्या दिवशी त्याच्या अंगातला शर्टही माझाच. लोकांनी शर्टाचं कौतुक केलं. कुणी शिवला, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मुलगा म्हणे, "आई, आता बस कर. नगरसेवकाची आई मशीन चालवते, बरं दिसतं का?"

"मग काय तुझ्या खुर्चीत येऊन बसू? हात रिकामे राहिले की मला दुखणी सुचतात."

म्हणून ती एका ठेकेदाराच्या चादरींची किनार दुमडून शिवून द्यायची. मजुरी एवढीशी, दोरा आणि माझं तेल आलं की संपली. एकदा तिने त्यातली एक चादर धुऊन पाहिली आणि कपाळाला हात लावला. कापडातली खळ निघून गेली होती, उरली होती जाळी.

योगायोग असा, की हाच ठेकेदार गावच्या इस्पितळाला चादरी पुरवणार होता आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभेत त्यावर मतदान होतं.

"हे कापड नको म्हणून सांग तिथे," आई म्हणाली.

"आणि तुला कसं कळलं, असं विचारलं तर? माझी आई त्याचंच काम करते, असं सांगू?"

"सांग की! मी काय चोरी केलीय?"

"तसं नाही गं. संबंध आहे म्हटलं की मतदानाआधी उठून बाहेर जावं लागतं."

"मग जा. बाहेर काय वाघ बसलाय?"

"किनारीच्या मजुरीसाठी? सगळी सभा हसेल मला."

दुसऱ्या दिवशी सभेत तो उठला नाही, बोलला नाही. सगळ्यांबरोबर त्यानेही हात वर केला.

इस्पितळात रुग्णाला चादरीसकट उचलून दुसऱ्या खाटेवर ठेवतात. साध्या तापासाठी आलेल्या गल्लीतल्या न्हाव्याला असंच उचललं आणि चादर मधोमध टरकली. म्हातारा फरशीवर आदळला. खुब्याचं हाड मोडलं. उभं राहूनच करायचं काम त्याचं. दुकानाला कुलूप लागलं ते लागलंच. माझी दुमड मात्र शाबूत होती. काय करू त्या दुमडीचं?

मग कुणीतरी आईच्या मजुरीची तक्रार केली. चौकशी बसली. रक्कम क्षुल्लक, सबब दोष नाही, असा निकाल आला. मुलगा हसतच घरात शिरला.

"सुटलो, आई! एवढ्याशा पैशात कुणी विकला जातो का, असं चौकशीचे साहेबच म्हणाले."

आईने मान वर केली नाही. "नाहीच विकला गेलास. पण त्यांनी तुला मजुरी विचारली. मला कुणी विचारलं असतं, तर मी कापड कसलं ते सांगितलं असतं."

त्याचं हसू तिथेच मावळलं. आईने माझी सुई काढली, पट्टा उतरवला आणि माझ्यावर गोधडी टाकली. तेव्हापासून मी अंधारात आहे. आत गंज धरतोय. आई घरात असते, पण इकडे फिरकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला तेल द्या, पुसून ठेवा. आणि मोठेपणी कुठल्या सभेत बसलात, आणि तिथे तुमचं चिमूटभर जरी काही गुंतलेलं असलं, तर आधी उठा आणि सांगून टाका. लोक हसतील. हसू द्या. हसण्याने कुणाचं हाड मोडत नाही.