किल्लीची नोंदवही

दुपारचे सव्वादोन झाले होते आणि किल्ली तिला तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारत होती: आत कशासाठी जायचं आहे?

किल्ली म्हणजे मास्तरांनी, तिच्या ऑफिसातल्या वरिष्ठांनी, लिहिलेला लहानसा प्रोग्रॅम. रक्ततपासणीच्या सगळ्या लॅबचं काम दूरच्या सर्व्हरवरच्या कंटेनरांमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या बंद डब्यांमध्ये, चालायचं. त्यांतल्या एखाद्यात शिरून हाताने काही बदलायचं, तर काळ्या पडद्यावर किल्लीचा आदेश द्यावा लागे. मास्तर शिस्तीचे. निदान वीस अक्षरांचं कारण लिहिल्याशिवाय दार उघडायचं नाही. "प्रिंटर", नाही. "प्रिंटर बंद", तेही नाही. शेवटी तिने "सकाळपासून एकही रिपोर्ट छापला जात नाही" असं आदळआपट करत लिहिलं, तेव्हा दार उघडलं.

तेवढ्यात फोन वाजला. वडील.

"निघालीस का गं?"

"निघतेय, बाबा."

"मघाशीही निघतच होतीस. डोळ्यात थेंब घालून बसलोय. आता तू समोर आलीस तरी ओळखायचो नाही."

चारला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ही तारीख तीन महिन्यांनी मिळाली होती. चुकली तर आणखी तीन महिने, आणि दुसऱ्या डोळ्याने तर कधीच हात टेकले होते.

फाइलमध्ये तिला प्रिंटरचा पत्ता सापडला. दोन वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या प्रिंटरचा. मग कालपर्यंत रिपोर्ट छापले कसे जात होते? तिने किल्लीची नोंदवही उघडली. रोज सकाळी आठ वाजता मास्तरांचं नाव, आणि पुढे कारण: "नेहमीचं काम, काळजी नसावी". सातशेच्या वर नोंदी. मास्तर शुक्रवारी निवृत्त झाले होते. शनिवारची नोंद होती, रविवारचीही होती. आज सोमवार, आज नव्हती.

तिने मास्तरांना फोन लावला.

"सर, तुम्ही रोज आत जाऊन पत्ता बदलत होतात?"

"हो ना. कंटेनर रोज सकाळी साच्यातून नवा निघतो, मग जुना पत्ता परत येतो."

"ते मला ठाऊक आहे. साच्यातच का नाही बदललात?"

"आधी घाई होती. मग सवय झाली."

"दोन वर्षं?"

"अगं, दोन मिनिटांचं तर काम."

"आणि निवृत्त झाल्यावर?"

"आज घेतलं नाही मला आत. ऑफिसने खातं बंद केलं वाटतं. मीच लिहिलेली किल्ली, मलाच ओळखेना."

आवाज इतका पडलेला, की तिला राग गिळावा लागला. त्याने ती आणखीच वैतागली.

पावणेतीन. साचा बदलायचा तर प्रोग्रॅमच्या सगळ्या चाचण्या होईपर्यंत तास जाणार. हाताने बदललं तर दोन मिनिटं. इतका वेळ नुसतं बसून राहिल्याबद्दल किल्लीने तिला केव्हाच बाहेर काढलं होतं. आत कशासाठी जायचं आहे? तिच्या बोटांनी आपोआप लिहिलं: "नेहमीचं का". ती दचकली. पुसलं. लिहिलं, "आजच्यापुरतं, साचा संध्याकाळपर्यंत बदलणार". पत्ता दुरुस्त केला, लॅबच्या काउंटरवरच्या बाईंचा "छापलं एकदाचं" असा फोन येताच लॅपटॉप काखेत मारून ती धावत सुटली.

चारला पाच कमी असताना बाबा ऑपरेशनसाठी आत गेले. तिने दवाखान्याच्या बाकावर बसून मांडीवर लॅपटॉप उघडला, साच्यातला पत्ता बदलला आणि चाचण्या सुरू केल्या. नर्सने डोळे वटारले, तिकडे तिने पाहिलंच नाही. शेवटची चाचणी पार पडली तोवर बाबा एका डोळ्याला पट्टी लावून बाहेर येऊन बसलेही होते.

"माझं वीस मिनिटांत झालं. तुझं एवढं काय होतं?"

"एक ओळ."

"एका ओळीसाठी मला घामाघूम केलंस होय."

तिने मास्तरांना कळवलं: साचा बदलला. उत्तर लगेच आलं, जणू ते फोन हातात धरूनच बसले होते. "बरं केलंस." मागोमाग दुसरं: "तरी उद्या आठला एकदा आत जाऊन बघून घे."

तिने दातओठ खाल्ले, आणि पावणेआठचा गजर लावला.