शेवटचा तीन

मी तीन बोलतोय. पाढ्यातला नव्हे, मालगाडीच्या एका तपकिरी वॅगनवरचा. बारा आकड्यांच्या ओळीत अगदी शेवटी, छोट्या आडव्या रेघेनंतर मी उभा आहे: २१ ५४ १५० ० २१७-३.

माझ्या अकरा भावांना मान आहे. कुणी सांगतं वॅगन कुठल्या जातीची, कुणी सांगतं तिचा नंबर कितवा. चोपन्न म्हणजे चेकोस्लोव्हाकिया, हे सरहद्दीपलीकडच्या हमालालाही ठाऊक. मी मात्र कशाचाच नाही. कारखान्यात अँब्रोझ रंगारी मला काढत होता, तेव्हा त्याचा सोबती म्हणाला, "हे शेपूट कशाला रे? रंग जास्त झालाय का?"

"हा राखणदार आहे," अँब्रोझ म्हणाला आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. त्याचे उपकार मी विसरलो नाही.

राखण सोपी आहे. अकरा आकड्यांना आळीपाळीनं दोन आणि एकानं गुणायचं. गुणाकार दोन आकडी आला तर त्यातले दोन्ही आकडे सुटे धरायचे. मग सगळ्यांची बेरीज. आमची येते सत्तावीस. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे तिसाला, तीन कमी पडतात. ते तीन म्हणजे मी. भावांपैकी एकानं जरी सोंग बदललं, तरी माझं जुळत नाही.

वीस वर्षं हे कुणी करून पाहिलं नाही. मी साखर वाहिली, बुटांची खोकी वाहिली, आणि मनातून थोडा खट्टूच होतो.

मग डॅन्यूबकाठच्या सरहद्दीच्या स्टेशनात ती पावसाळी सकाळ आली. वेंडेलीनकाका हातोडीनं चाकं वाजवत निघाले होते. बत्तीस वर्षांचा कान. माझ्या वॅगनचं मागचं चाक बद्द वाजलं आणि ते थबकले. चाकाला तडा होता. त्यांनी फळीवर खडूनं फुली मारली, वहीत नंबर उतरवला, कागद कचेरीत टाकला आणि पाळी संपली म्हणून घरची बस धरली.

पावसानं फुली धुऊन नेली. आता सगळी भिस्त कागदावर, आणि कागदावर घोटाळा. आमच्याकडची माणसं एक काढताना आधी लांब तिरकी रेघ ओढतात, आणि साताच्या पोटात आडवी रेघ मारतात; दोघांत फरक तेवढाच. काकांच्या एकावरून ओला हातमोजा फिरला, पेन्सिलीचं शिसं आडवं फासलं गेलं, आणि २१७ चं झालं २७७. दुर्दैव असं, की २७७ नंबरची वॅगनही त्याच गाडीत होती.

"दोनशे सत्याहत्तर गाडीपासून तोडा, बाकी गाडी सोडा," गेझासाहेबांनी फर्मावलं. गाडी सोडणं त्यांचं काम.

टेबलापाशी एतेला बसली होती. लिहून घेणारी, नाकावर चष्मा, समोर डब्यात खसखशीची पोळी. तिची बोटं टेबलावर नाचत होती. "साहेब, जुळत नाही. सत्याहत्तरला शेवटी सात लागतो. काकांनी तीन लिहिलाय."

"म्हातारा चुकला असेल तिनात!"

"काकांना हा हिशेब येतच नाही. ते बघून उतरवतात. तीन लिहिलाय म्हणजे तीन पाहिलाय."

"बाई, पलीकडे हंगेरीवाले घड्याळ लावून बसलेत. एका शेपटासाठी गाडी धरू?"

तिनं गाडीची यादी ओढली. "ही बघा, दोनशे सतरा, शेवटी तीन. तडा हिला असला तर पुलावर चाक फुटेल, साहेब. इंजिनात माणूस आहे."

"मग सही तुझी. चुकलीस तर उद्यापासून घरी पोळ्या कर."

तिनं सही केली. हे सगळं मला नंतर कळलं. छत्री न घेताच ती धावत आली, चिखलात गुडघे टेकून वाकली आणि ओरडली, "हिलाच आहे! तडा हिलाच आहे!"

गेझासाहेब आले, वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. "पोळी शिल्लक आहे का गं?" एवढंच म्हणाले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण कामाचे आहोत. एतेला, तू मला मोजलंस, म्हणून मी होतो.

पुढे देशाचेच दोन तुकडे झाले. मी स्लोव्हाकियाच्या वाट्याला आलो. चोपन्न पुसायचं, छप्पन्न लिहायचं, असा हुकूम आज आला आहे. चार गेला की बेरीज बदलते. बेरीज बदलली की शेवटचाही बदलतो.

रंगारी डबा घेऊन उभा आहे. "शेवटी काय लिहू?" त्यानं एतेलाला विचारलं. तिनं बोटं नाचवली. मग पुन्हा पहिल्यापासून बेरीज केली, सावकाश. मी राहावं असं तिला वाटत होतं, हे मला दिसत होतं.

"एक," ती म्हणाली.

बरं झालं. माझ्या मायेपोटी तू तीन म्हणाली असतीस, तर मी खोटा ठरलो असतो. ये रे रंगाऱ्या, लाव ब्रश.