राजाने मागितलेलं दार

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे. खालच्या कोपऱ्यात माझं लाकूड काळं पडलंय, ते नदीच्या पाण्याने. दाराचा आणि नदीचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. तेच सांगायचं आहे.

मला एका सुताराने लग्नाच्या वर्षी घडवलं. तो रंधा मारायचा. त्याची बायको माझ्यावर हात फिरवून म्हणायची, "इथे टोचतंय." तो पुन्हा रंधा मारायचा. मी चौकटीत बसल्यावर ती दर आठवड्याला बिजागऱ्यांत तेलाचा थेंब सोडायची.

पुढे एका परक्या राजाने आमचं शहर जिंकलं. दोन वर्षांनी लोक उठले. तीन दिवस गल्लीगल्लीत चकमकी झाल्या. सैनिक पाठलाग करायचे आणि बंडवाले कुठल्या तरी दाराआड गडप व्हायचे. राजा खवळला. त्याने हुकूम काढला: शहरातलं एकूण एक दार उतरवा, डोक्यावर घेऊन वेशीबाहेर नदीकाठी आणा. तिथे सगळी जाळायची होती.

नेमका त्याच दिवशी माझ्याआड सुताराचा मेव्हणा लपला होता. बंडाचा म्होरक्या तोच. सैनिक त्याला चेहऱ्याने ओळखत होते.

"दार गेलं की घर उघडं. याला लपवू कुठे?" सुतार म्हणाला.

बायको माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लपवायचं कशाला? डोक्यावर दार घेऊन बाहेर या, असं राजाच म्हणतोय ना?"

पुढे सुतार, मागे मेव्हणा, वर मी, आणि बाजूने चालणारी बायको. काय दृश्य होतं ते! रस्ताभर दारंच दारं चालली होती. खाली नुसते पाय, चेहरा एकाचाही दिसत नव्हता.

वेशीत खुद्द राजा उभा होता.

"थांबा." त्याने माझ्यावर छडी वाजवली. "काम सुबक आहे. मागचा कोण? त्याला मान वर करू दे."

मेव्हण्याची बोटं घामाने माझ्या कडेवरून निसटू लागली.

"करेल की, सरकार," बायको म्हणाली. "पण मान हलली की दार घसरेल, ते थेट तुमच्या पायांवर. करू दे?"

राजाने आधी पाय मागे घेतला, मग हात हलवला. "न्या, न्या."

नदीकाठी पहिला ढीग पेटला होता. धूर इतका दाट की शेजारचा दिसेना. "दाजी, सोडा आता," मेव्हणा पुटपुटला. दोघांनी मला पाण्यात ढकललं, तो माझ्यावर पालथा पडला आणि आम्ही सुटलो. जन्मभर एका चौकटीत फिरलेलं दार मी, आणि आता धारेला लागून भन्नाट पळत होतो आम्ही दोघं!

चार वर्षं त्या घराला घोंगडीचा आडोसा होता. मग राजाचं राज्य गेलं. मेव्हणा मला गाडीवर घालून घेऊन आला. "ताई, तुझं दार."

तिने हात फिरवला. "इथे टोचतंय."

सुतार रंधा आणायला धावलाच. त्या संध्याकाळी तिने मला बसवून घेतलं, कडी घातली, काढली, पुन्हा घातली.

आता ती नाही. सुताराचे हात कापतात, तरी दर आठवड्याला तो तेलाची वाटी घेऊन येतो. तेल सोडण्याआधी माझ्यावर हात फिरवतो, कुठे टोचतंय का बघत.

मित्रांनो, घरचं दार लाथेने ढकलू नका. कधीतरी त्याला तेलाचा थेंब द्या. आपल्या हाताने आतून कडी घालता येणं ही साधी गोष्ट नाही.