प्रवेशाची विनंती

“कुठल्या बॅचची तू?” प्रतापरावांनी पुन्हा विचारलं.

“बॅचची नाही सर, मी संयोगिता. लायब्ररीतली.”

“हां, लायब्ररी,” ते समजुतीने म्हणाले. मोबाइल त्यांनी छातीशी धरला होता. तो मागू नकोस, असं त्यांच्या पत्नीने, सोयराबाईंनी, तिला दारातच बजावलं होतं. मागितला की ते जेवत नाहीत. झोपतानाही तो मुठीत असतो, लेकालासुद्धा देत नाहीत.

राजाजीनगरातल्या त्यांच्या घराच्या बाहेरच्या खोलीत संयोगिताने टीपॉयवरचा पेपर बाजूला सारला आणि लॅपटॉप उघडला.

मल्लेश्वरमच्या एका विज्ञान महाविद्यालयात प्रतापराव ग्रंथपाल होते आणि ती त्यांची सहायक. बंगळूरची तळी पायी हिंडून वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी लिहिलेले जुने प्रबंध तिथे एका कपाटात होते. कुठल्या काठाला कुठलं गवत, कुठल्या महिन्यात कशाला फूल. त्यातल्या कित्येक तळ्यांवर आता वसाहती आहेत. कपाटाला वाळवी लागली तेव्हा दोघांनी बसून पानन्पान स्कॅन केलं. कॉलेजच्या खात्यात जागा पुरेना, म्हणून प्रतापरावांनी सगळं स्वतःच्या ऑनलाइन खात्यावर चढवलं. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाळवी लागलेले मूळ कागद मागच्या आवारात जाळले.

मग संयोगिता लायब्ररीच्या फेसबुक पेजवर एखाद्या प्रबंधाचं एखादं पान टाकू लागली. शिमोग्याच्या एका निवृत्त बाईंनी एकदा खाली लिहिलं, ही पानाची आकृती माझी, डाग माझ्या बहिणीने सांडलेल्या शाईचा. पूर्ण प्रबंध हवा असेल तर मात्र विनंतीचं बटण दाबावं लागे. सगळ्यांना खुली लिंक प्रतापरावांना मान्य नव्हती. पुस्तक देताना माणूस बघावा, असं ते म्हणत. विनंती आली की ते नाव वाचत, तिथल्या तिथे मंजुरी देत आणि सोबत एक ओळ लिहीत: चौथा तक्ता तिरका आलाय, सांभाळून वाचा. वाचता येई, डाउनलोड करता येत नसे. निवृत्तीनंतरही हे चालूच राहिलं. संयोगितालासुद्धा दर वेळी विनंतीच करावी लागे, आणि तिला त्याची गंमत वाटे.

पुढे मंजुऱ्या यायच्या थांबल्या. फोन केला की ते कानडी वळणाने “सरी, करतो” म्हणत. असं पुष्कळदा झाल्यावर एकदा फोन सोयराबाईंनी घेतला आणि काय झालंय ते सांगितलं.

खाजगी खात्यात आम्हांला हात घालता येत नाही, असं कॉलेजच्या संगणक विभागाने कळवलं. कॉलेजची वस्तू खाजगी खात्यावर गेलीच कशी, असं प्राचार्यांनी विचारलं, आणि लगेच नव्या वाचनकक्षाचं रील कधी टाकताय, तेही विचारलं. खातं देणाऱ्या कंपनीकडून यंत्राचं उत्तर आलं, की खातेदाराने स्वतः लिहावं.

आणि प्रणिता रोज काउंटरशी येऊन उभी राहत होती. निपाणीकडची मुलगी, पीण्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका तळ्यावर संशोधन करणारी. कारखाने येण्याआधी त्या पाण्यात काय उगवत होतं ते एकाच प्रबंधात होतं, आणि तिचं काम महिनाअखेर जमा करायचं होतं.

“मॅडम, ते नाही मिळालं तर तळं पहिल्यापासून असंच होतं असं होईल की ओ,” ती म्हणाली होती.

एकच वाट उरली होती. इथून लॅपटॉपवर खातं उघडायचं, पासवर्ड विसरलो म्हणून सांगायचं. मग प्रतापरावांच्या मोबाइलवर प्रश्न येईल आणि त्यांनी ‘हो’ दाबायचं. मोबाइल त्यांच्याच हातात राहील.

“अहो, आत्ता काहीतरी येईल बघा,” सोयराबाई म्हणाल्या. “फक्त हो दाबायचं. स्वल्प लक्ष द्या.”

“हो,” प्रतापराव म्हणाले.

“तोंडानं नाही. बोटानं.”

ते हसले. संयोगिताही हसली, आणि तिला वाटलं, जमेल.

मोबाइल थरथरला. प्रतापरावांनी चष्मा लावला. त्यांनी मजकूर मनात वाचला, मग मोठ्याने वाचला. तुमच्या खात्यात कुणीतरी शिरू पाहत आहे. ते तुम्हीच आहात का?

“मी तर इथे बसलोय,” ते म्हणाले.

“सर, हो दाबा. मीच आहे ती.”

“तू कोण?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. काउंटरवर नवं नाव विचारताना असे, तेवढीच चौकशी होती.

जे आपण केलं नाही त्याला हो म्हणू नये, असा कागद लायब्ररीतल्या संगणकांच्या वर त्यांनीच चिकटवला होता. त्यांनी बोट टेकवलं. आणखी एक प्रश्न आला; तोही त्यांनी पूर्ण वाचला, आणि पुन्हा बोट टेकवलं.

लॅपटॉपवर अक्षरं उमटली: प्रयत्न नाकारला आहे. खात्याच्या सुरक्षेसाठी मोबाइलसह सर्व उपकरणांवरून ते बंद केलं आहे. संयोगिताने पुन्हा करून पाहिलं. आता ते जुना पासवर्ड मागत होतं, आणि तो त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

“कुणीतरी शिरत होतं,” प्रतापराव बायकोला म्हणाले. “घालवलं. मुलांची कामं आहेत आत.”

सोयराबाईंनी संयोगिताच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या कॉफी आणायला गेल्या.

“बरं केलंत, सर,” संयोगिता म्हणाली.

ती निघाली तेव्हा प्रतापराव फाटकापर्यंत आले. पूर्वीसारखेच, एक पाऊल मागे राहून.

“तुला कुठला प्रबंध पाहिजे होता?”

“पीण्याच्या तळ्याचा.”

“चांगला आहे तो. विनंती पाठव. मी लगेच बघतो.”

मेट्रोच्या जिन्याशी ती थांबली. मोबाइलवर प्रणिताचा मेसेज येऊन पडला होता. तो न उघडता तिने प्रबंधाची लिंक दाबली. विनंतीखालची चौकट रिकामी ठेवली तरी चालत असे. तिने त्यात आपलं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, प्रबंध कुणासाठी हवा आहे आणि कशासाठी, तेही नीट लिहिलं, आणि बटण दाबलं.