विषाला छाती लागत नाही

"मावशी, आज मीठ जरा हलकं ठेवा. पाहुण्यांत दोघांना बीपी आहे," साहेब स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. आत येऊन ते कधी बोलत नसत. आत आलं की कांदा डोळ्यांत जातो, अशी त्यांची तक्रार होती.

"बीपी आहे तर बिबट्या बघायला कशाला आले?" मावशी म्हणाली. "घरी बसायचं, मांजर पाळायचं."

साहेब हसले. मावशी काहीही बोलली तरी हसायचं, असं त्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. पाहुण्यांनाही ते सांगत, "आमच्या मावशी फटकळ आहेत, पण मन सोन्याचं." हे वाक्य कानावर पडलं की मावशीला हातातलं उलथनं फेकून मारावंसं वाटे. माझं मन यांनी कधी उघडून बघितलं?

रानाच्या कडेला ही छावणी उभी राहिल्यापासून मावशी तिथे स्वयंपाकाला होती. बिबट्यांनी रानात राहावं, माणसांनी गावात राहावं आणि दोघांनी एकमेकांच्या जिवावर उठू नये, असं छावणीचं काम. त्यासाठी गावातल्या गोठ्यांना जाड जाळीची दारं बसवून दिली होती. बंद गोठ्यातलं जनावर गेलंच, तर छावणी भरपाई देई. गावातली चार पोरं राखणीच्या कामाला लागली होती. काम वाईट नव्हतं. दारं लागल्यापासून जनावरं जायची कमी झाली, हे मावशी मनात कबूल करी. तोंडाने नाही. तोंडाने ती एवढंच म्हणे, "गोठ्याला दार लावावं हे सांगायला एवढी शिकलेली माणसं लागतात, मग गावाचं काय सांगावं!"

तिरस्कार हा तिचा स्वभावच होता. कोऱ्या करकरीत टोप्या घालून येणाऱ्या पाहुण्यांचा तिला तिरस्कार होता. बिबट्याचा फोटो मिळाला नाही म्हणून ते तोंड पाडून जेवायला बसत. त्या पाहुण्यांसमोर कमरेत वाकणाऱ्या गावकऱ्यांचाही होता. आणि बिबट्याचा तर होताच. "आयतं खाणारी जात," ती म्हणे. "रानात हरणामागे धावायला नको, म्हणून दावणीचं उचलतात."

ती बटाटे सोलत असताना मागच्या दाराशी भावजय येऊन उभी राहिली. धापा टाकत होती. पायांत चप्पल नव्हती.

"वन्सं, कालवड गेली."

मावशीची सुरी थांबली. मावशी भावाच्याच घरी राही, पाहुणे असले की तेवढी छावणीवर मुक्कामाला असे. घरात कालवड एकच होती. ती जन्मली तेव्हाच तिची आई मेली होती आणि मावशीने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. मावशी कामावर निघाली की ती फाटकापर्यंत मागे येई.

"कधी?"

"पहाटे. ती पिल्लांवाली मादी आहे ना, तीच. घळीपर्यंत ओढत नेली. अर्धी खाल्ली, अर्धी तशीच आहे."

"मग सकाळीच का नाही आलीस सांगायला? छावणीत कळवायला हवं होतं."

भावजयीने मान खाली घातली. मावशीला उत्तर माहीत होतं. गोठ्यासाठी मिळालेलं जाळीचं दार तिच्या भावाने गोठ्याला लावलंच नव्हतं. ते त्याने घराच्या व्हरांड्याला लावलं होतं, हिरवा रंग देऊन. व्हरांडा कसा बंगल्यासारखा दिसतो! गोठ्याला आडवी दोन लाकडं होती. छावणीत कळवलं असतं तर माणसं बघायला आली असती, आणि व्हरांडा त्यांच्या नजरेस पडला असता.

"अजून काय? नुसतं हे सांगायला तू अशी धावत येणार नाहीस."

"फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन गेलेत घळीत," भावजय म्हणाली आणि रडू लागली. "कालवडीवर ओततो म्हणाले. संध्याकाळी ती पिल्लं घेऊन उरलेलं खायला येईल, म्हणजे एकदमच सुटका. मी आडवी गेले तर ढकललं मला. वन्सं, कुणाला कळलं तर तुरुंगात जातील हो ते."

मावशीने शेगडी बंद केली. सूप तसंच अर्धं राहिलं. बागेतलं फावडं उचलून ती सरळ बैठकीच्या खोलीकडे गेली.

तिथे पडदे ओढून पाहुण्यांना चित्रं दाखवणं चाललं होतं. भिंतीवर नेमका तिचाच भाऊ होता. दुसऱ्याच्या गोठ्याच्या दारावर हात ठेवून, कुणाची तरी टोपी घालून तो हसत होता. साहेब सांगत होते, "हा माणूस एकेकाळी बिबट्याचा वैरी होता. आज तो त्याचा शेजारी आहे."

मावशीने त्यांच्या कानाशी जाऊन चार शब्द सांगितले. साहेब तिला बाहेर घेऊन आले.

"खात्री आहे?"

"नाही, गंमत म्हणून सूप सोडून आले."

साहेबांचा चेहरा उतरला. खिशातून फोन काढून त्यांनी वनखात्याच्या गार्डला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग त्यांनी बंद दाराकडे बघितलं.

"मावशी, ह्यांच्या मदतीवर पलीकडच्या गावाचे गोठे उभे राहायचे आहेत. आत्ता मी उठून गेलो तर कारण विचारतील. कळलं तर सगळंच बंद होईल. इथली पोरं घरी बसतील. तासाभरात हे आटोपतं, मग मी स्वतः…"

"तासाभरात ऊन कलतं. ऊन कललं की ती उतरते."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. ते म्हणत होते ते खोटं नव्हतं, हे मावशीला कळत होतं. खोटं असतं तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

"जा तुम्ही आत," ती म्हणाली. "तुम्हाला बोलता येतं, तुम्ही बोला."

घळ गावाच्या मागे होती. दोघी झपाझप चालत पोचल्या तेव्हा ऊन अजून तापलेलं होतं. कालवड झुडपाखाली पडली होती. मागचा भाग खाल्लेला, तोंड मात्र जसंच्या तसं. औषधाचा उग्र वास येत होता. बाजूला दोन कावळे मरून पडले होते. मावशीने एकदाच त्या तोंडाकडे बघितलं आणि मग ती फावड्याने जमीन चाचपू लागली.

पावसाने खचून घळीच्या तोंडाशी एक खोल खड्डा झाला होता. त्यात कालवड ढकलायची, वर दगड आणि माती लोटायची. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून दोघींनी कालवडीच्या पुढच्या पायांना दोर बांधला. ओढायला लागल्या तोच वरून आवाज आला.

"ताई! हात लावू नकोस! औषध आहे त्याच्यावर!"

भाऊ धावत उतरत होता. त्याच्या आवाजात खरी भीती होती. आई गेल्यावर मावशीनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नव्हतं. हे सगळं माझ्याच हातचं पीक, असा विचार तिच्या मनात आला आणि तो तिला चावला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच हात लावतेय."

"सोड ते. तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय? उद्या तुझी स्वतःची गाय इथे चरायला आली म्हणजे? कुणाचं कुत्रं आलं म्हणजे? कावळे दिसत नाहीत तुला?"

भावाने कावळ्यांकडे बघितलं नाही. "ती कालवड तुझीच होती ना? बाटलीने दूध पाजलंस. आणि जिने खाल्ली तिचाच तुला पुळका? छावणीचं मीठ फार गोड लागतंय तुला."

"मला तिचा पुळका नाही. चोर आहे ती. पण ती आली ती दात घेऊन, नखं घेऊन आली. माणूस समोर आला असता तर जीवही गेला असता तिचा. तू काय घेऊन आलास? डबा. भर दुपारी, ती झोपलेली असताना. अरे, विषाला छाती लागत नाही. ते काम पळपुटा करतो."

"मग काय मी कुऱ्हाड घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं?"

"गोठ्याला दार लावायचं! फुकट मिळालेलं दार! बिबट्या काय व्हरांड्यात पाहुणा म्हणून येणार होता, की तिथे जाळी हवी?"

भावाच्या तोंडावर रक्त चढलं. तो काहीतरी मोठं बोलणार, असं वाटलं. पण निघालं ते एवढंच, "सगळ्यांच्या व्हरांड्याला काही ना काही असतं. आपल्याला एक जाळी होती."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. एका क्षणी तिला त्याची कीव आली असती. ती तिने येऊ दिली नाही.

"धर दोर," ती म्हणाली. "केलंस ते निस्तर."

त्याने दोर धरला नाही. बायकोला म्हणाला, "चल घरी." बायको जागची हलली नाही. मग तो मावशीला म्हणाला, "आजपासून माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही."

"टाकणार. उद्या जाळी काढायला येणार आहे."

तो गेला. दोघींनी कालवड ओढली. अर्धी असली तरी जड होती. खड्ड्यात पडताना तिचं तोंड वर आलं, तेव्हा भावजयीने डोळे मिटले. मावशीने आधी मातीचं पहिलं फावडं त्या तोंडावरच टाकलं, म्हणजे पुन्हा दिसायला नको. मग कावळे टाकले, औषध सांडलेली माती खरवडून टाकली, दगड लोटले. हात सोलपटले, पाठ धरली.

ऊन कललं. शेवटचे दगड रचत असताना भावजयीने मावशीचा दंड घट्ट पकडला.

घळीच्या वरच्या खडकावर मादी उभी होती. कधी आली ते कळलंच नव्हतं. तिच्यामागे दोन पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मादी झुडपाकडे बघत होती, जिथे तिने जेवण ठेवलं होतं तिथे. मग तिने या दोघींकडे बघितलं आणि ओठ मागे ओढून दात दाखवले.

भावजय मावशीच्या मागे सरकली. मावशीने ढेकूळ उचललं, आणि तोंड सुटलं ते सुटलंच.

"बघतेस काय? आयतखाऊ! माझी कालवड खाल्लीस आणि वर दात दाखवतेस? पोरं घेऊन आलीय मोठी! रानात धाव की जरा! चालती हो! इथे तुझ्या बापाने ताट वाढून ठेवलंय होय? चालती हो म्हणते ना!"

ढेकूळ मादीपर्यंत पोचलंच नाही. वाटेतच फुटलं. पण ती वळली. घाईने नाही, अगदी सावकाश, एखाद्या घरी अपमान झालेली पाहुणी उठून जावी तशी. पिल्लं तिच्यामागे गेली. मावशी त्यानंतरही बराच वेळ शिव्या देत राहिली. मग खाली बसली आणि कालवडीचं नाव घेऊन रडली. भावजयीने तिला तसं रडताना पूर्वी कधी बघितलं नव्हतं. त्यानंतरही कधी बघितलं नाही.

पाहुणे गेल्यावर साहेब घळीत आले. रचलेल्या दगडांवरून त्यांनी नजर फिरवली. "मावशी, तुमचे आभार कसे…"

"मानू नका. पाहुणे जेवले?"

"ब्रेड खाल्ला."

"बरं झालं. बीपी वाढला नसेल."

दुसऱ्या दिवशी ती पक्कड आणि हातोडी घेऊन भावाच्या घरी गेली. सगळ्या शेजाऱ्यांदेखत तिने व्हरांड्याची हिरवी जाळी उचकटली आणि भावजयीच्या मदतीने गोठ्याला ठोकली. भाऊ आत बसून होता. निघताना तिची पेटी उंबऱ्याबाहेर ठेवलेली दिसली. ती उचलून ती छावणीवर आली आणि कोठीघरात राहू लागली.

साहेबांनी गार्डला काही कळवलं नाही. भावाचा फोटोही भिंतीवरून उतरला नाही. पुढच्या पाहुण्यांनाही तो शेजारी म्हणूनच दाखवला गेला. मावशीला ते सगळं दिसत होतं. तिने तोंड उघडलं असतं तर भाऊ तुरुंगात गेला असता. ती गप्प बसली. लोकांचा तिरस्कार करताना तिला एक गोष्ट सोपी जाई. ती म्हणजे आपण त्यांच्यातल्या नाही, असं समजणं. ते आता जमेना.

पलीकडच्या गावाचे गोठे झाले. मादी पिल्लांसह खालच्या दरीत दिसली, असं पोरं सांगत. मावशी म्हणे, "जेवायला बोलावलं नाहीत ना?"

भाऊ रस्त्यात दिसला की मान वळवी. भावजय नवऱ्याच्या धाकाने लांबूनच बघे.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. मावशी बाजारातून परतत होती. छावणीची गाडी बिघडली होती, म्हणून पायी. हातात भरलेली पिशवी. मागून मोटरसायकल आली, मावशीला मागे टाकून पुढे गेली. भाऊ चालवत होता, मागे भावजय बसली होती. धूळ बसायच्या आत मावशीला दिसलं, गाडी पुढे थांबली होती. भावजय उतरली. भाऊ तिला काहीतरी बोलला. ती रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिली. इंजिन बराच वेळ चालू होतं. मग गाडी एकटीच गेली.

मावशी तिच्यापाशी पोचली.

"उतरलीस कशाला? पाय दुखतील."

"दुखू देत."

"तो बोलेल घरी."

"बोलू दे. द्या ती पिशवी."

"माझे हात मोडलेत का?"

भावजयीने पिशवी हातातून घेतली आणि चालू लागली. मावशी तिच्या शेजारून चालत राहिली. कितीतरी वर्षांत ती अशी रिकाम्या हाताने चालली नव्हती. हातांचं काय करावं ते तिला कळेना. आधी तिने ते पोटाशी धरले, मग मोकळे सोडले, आणि शेवटी पाठीमागे घेऊन एकात एक गुंतवले.