नीट विझवलेली भट्टी

बॉयलर सांभाळण्यात उभा जन्म घालवलेल्या आप्पांना निवृत्तीनंतर लेकीने संगणकावरचा एक खेळ लावून दिला. ती दूरच्या शहरात, हे इथे; पण खेळातलं गाव दोघांचं मिळून एकच. तिथल्या यंत्रमानवांना कामं शिकवायची. एकाने लाकडं तोडायची, दुसऱ्याने ती भट्टीत सारायची, तिसऱ्याने पीठ मळून पाव भाजायचे, की गावकऱ्यांची पोटं भरली. रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून बापलेक यावरून कडाकडा भांडत. आप्पांना याहून मोठं सुख ठाऊक नव्हतं.

अडचण एवढीच, की लेक हुशार निघाली. तिने गाव आपोआप चालतं करून टाकलं. "झालं आप्पा," ती म्हणाली, "आता आपल्याला काही कामच उरलं नाही." दुसऱ्या दिवशी ती खेळायला आली नाही. त्यानंतर नुसता फोन. गोळी घेतली का? घेतली. बरं, ठेवते.

आप्पांचं डोकं फिरलं. यंत्रं मजेत आणि माणूस वाऱ्यावर, हा कुठला न्याय? त्यांनी गुपचूप भट्टी बंद पाडली आणि लेकीला निरोप धाडला, की भट्टी विझलीय, कारण काही कळत नाही.

ती लगेच खेळात आली. भट्टीभोवती नुसती फिरत राहिली.

"आप्पा, एकही पाव जळलेला नाही."

"मग बरंच झालं की."

"कच्चाही राहिला नाही. आधी पीठ थांबवलं, आत होते तेवढे भाजू दिले, मग लाकूड सारणं बंद केलं. राखसुद्धा काढलीय. भट्टी अशी बिघडत नसते. अशी ती कुणीतरी बंद करतं."

आप्पांची चोरी पकडली गेली. चाळीस वर्षांचा हात, त्याला वाईट काम जमलंच नव्हतं.

"मला सरळ बोलवायचं ना," ती म्हणाली.

"काय सांगून? फोनवर तू गोळीचं विचारतेस. घेतली म्हटलं की विषय संपला. भट्टीवर मी तासभर बोलू शकतो. तू नसलीस की मला करमत नाही, पोरी."

पलीकडून खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"राख का काढायची, ते सांगा आधी."

आप्पा सांगू लागले. खेळातले गावकरी रिकाम्या ताटल्या घेऊन रांगेत ताटकळत होते. त्यांच्याकडे त्या संध्याकाळी कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.